सगळं बियाणं

"सगळं दिलंस?" रंजनाने मडकं उपडं केलं. बियाण्याला लावलेली चिमूटभर राख तेवढी खाली पडली.

"सगलं. शेजारची जिवली मागत व्हती." बनूबाई खाटेवर बसून पायाची पट्टी सोडत होती. "मना कुठं पेरायचाय यंदा, या पायानं?"

बदलापूर गावातल्या त्यांच्या घरात एखादे वेळी उपास घडला असेल, पण वालाचं बियाणं कधी संपलं नव्हतं. शेजारणीला ओंजळभर द्यायचं, तळाशी पेरणीपुरतं राखायचं. मडकं झटकून देणारी बाई आपली आई नव्हे, असं रंजनाला वाटलं.

बाबांनीही असंच दिलं होतं. तिचे बाबा महिपती उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. कंपवाताने हात थरथरू लागले तरी दोन वर्षं जात राहिले. मग एक दिवस अवजारांची पेटी बरोबरच्या हिरामणला देऊन घरी आले आणि म्हणाले, "सुटलो." हट्टी माणसाने काम सोडायचं एकदाचं ऐकलं म्हणून घरात पेढे आले. बाराव्या दिवशी त्यांनी जीव दिला.

डॉक्टर दर महिन्याला त्यांना हात पुढे करायला सांगत. झोप लागते का, हे कोणी विचारलं नाही. रंजनानेही नाही. ती अंबरनाथच्या एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घ्यायची. 'उपाशीपोटी आहात ना?' हा तिचा पहिला प्रश्न. माणूस जेवत का नाही, हे विचारणं तिच्या कामात बसत नव्हतं.

बाबांना जाऊन अकरा महिने झाले. आता आईच्या पायाची जखम साखरेमुळे भरत नव्हती, आणि रंजनाचा कशावरच विश्वास उरला नव्हता. आई हसली तरी तिला शंका यायची, गप्प बसली तरी यायची.

"मी जिवलीकडून थोडं परत आणते."

"दिलेला मागं घेतात काय? लाज काढशील! न्हाणीची कडी काढलीस, गोळ्या कुलपात टाकल्यास, आता मडकी पन तपासतेस. पोरगी हायस का पोलीस?"

रंजना खाटेपाशी खाली बसली. विचारलं तर नसलेलं डोक्यात भरतं, असं सगळे म्हणत. बाबांना कोणी विचारलं नव्हतं. काय टळलं?

"आई, जीव द्यावासा वाटतो का तुला?"

बनूबाईने सुटलेली पट्टी गुंडाळून बाजूला ठेवली.

"वाटतो," ती शेवटी म्हणाली. "पाय ठणकाय लागला का वाटतो. तू दमून येतेस, परत माजा पू पुसतेस. तवा जास्ती वाटतो."

"आज?"

"सकाली वाटला. मग जिवली आली, जरा हसलं, मग नाय."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"तू कड्या काढत व्हतीस, बाय. मना इचारलंस कवा?"

रंजनाने लॅबला फोन करून रजा सांगितली आणि कुठे जायचं ते आईला सांगून रिक्षा बोलावली.

"मनाच्या डॉक्टरकडं? येड लागलाय का मना?"

"पाय ठणकतो म्हणून जातेस ना? हेही ठणकतंच की."

दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कोण?"

"ही. बनूबाई."

बनूबाईने लेकीच्या खांद्यावरून सैल पडलेल्या ड्रेसकडे पाहिलं. "दोन लिही गं," ती त्या मुलीला म्हणाली. "ही अर्धी भाकरी कुत्र्याला घालते. तिला वाटतं, मना दिसत नाय."

"मला काही झालेलं नाही, आई."

"तुजा बापूस पन ह्येच बोलायचा."

मुलीने दुसरा कागद पुढे सरकवला. रंजनाने त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, वय लिहिलं. 'त्रास' या शब्दापुढची ओळ बराच वेळ कोरी राहिली. तेवढा वेळ बनूबाई बाकावर न बसता, दुखऱ्या पायावर तिच्या शेजारी उभी राहिली.