शकुनची साक्ष

"झोप कशी लागते?" लष्करी डॉक्टरांनी विचारलं.

"एकदम चांगली, साहेब."

कुंदन ताठ बसून उत्तरं देत होता. मनाच्या आजारामुळे फौजेतून घरी पाठवल्याला नऊ वर्षं झाली होती, तरी समोर साहेब दिसला की त्याचं सगळं ठीकच असायचं. भीती वाटते? नाही. राग अनावर होतो? नाही. डॉक्टर एकेक उत्तर लिहून घेत होते.

शेजारी बसलेली त्याची बायको, शकुन, डॉक्टरांच्या पेनाकडे बघत होती. अकोल्यातल्या या फेरतपासणीत तो बरा ठरला, की अपंगत्वाचं पेन्शन बंद. वलगावच्या अर्ध्या एकर भाजीवर घर चाललं नसतं.

"म्हणजे आता काही त्रास नाही," डॉक्टरांनी पान उलटलं.

"हाय, साहेब," शकुन एकदम बोलली. "पण यायले जरा बाहेर पाठवा."

"काहून?" कुंदन वळला. "माह्यासमोर बोल."

"नका ऐकू न."

"बोल म्हटलं न!"

शकुननं पदर मुठीत आवळला.

"तीन वर्षं झाले. दुपारी हे झोपले होते. आमची प्रतीक्षा चहा घेऊन उठवाले गेली, तं यायनं तिचा गळा धरला. मी ओरडली, तवा सोडला. यायले काहीच आठवलं नाई. पोरीनं आठ दिवस गळ्याले ओढणी गुंडाळली. 'बाबाले सांगू नको', पोरगीच म्हणे. तवापासून आमी यायले दुरूनच आवाज देतो."

कुंदन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"खरं आहे हे?" डॉक्टरांनी हळू विचारलं.

"मले आठवत नाई, साहेब. पण शकुन खोटं नाई बोलत."

डॉक्टरांनी आधीची उत्तरं खोडली. "त्रास कायम असल्याची शिफारस करतो," ते म्हणाले.

परतीची बस मूर्तिजापूरला पोचली. मग त्यानं विचारलं, "पोरगी भेते काय मले?"

"नाई. तुमाले समजंन, याचंच भेव हाय तिले."

 कितीतरी रात्रींचं जागरण शकुनच्या डोळ्यांवर आलं आणि तिची मान त्याच्या खांद्यावर कलली.

बडनेऱ्याजवळ गचका बसून ती जागी झाली. शेजारची जागा रिकामी होती. ती दचकून उठली. कुंदन दोन पावलांवर उभा होता.

"जागा हाय न. काहून उभे?"

"असू दे. मले डुलकी येत होती. तू झोप."

वरचा दांडा त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. अमरावती येईपर्यंत त्यानं तो सोडला नाही.