पलीकडचा पडदा

"छपाईचं ठेवायचं, बाबा?" शुभंकरनं विचारलं.

"नको. प्रिंटर कुठं आहे घरात?"

"ब्लूटूथ?"

"तेही नको."

अमरावतीच्या तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले चिंतामणराव आपल्या जुन्या लॅपटॉपसाठी घरीच लिनक्स ही संगणकप्रणाली बांधत होते. आयतं मिळणारं त्या थकल्या यंत्राला पेलवेना. म्हणून पडद्यावर एकेक साधन 'ठेवायचं?' असं विचारलं जाई; हवं ते घ्यायचं, नको ते सोडायचं. रविवारचा अकोल्याहून आलेला मुलगा शेजारी बसून नावं वाचत होता. 'राइट'पाशी तो अडखळला.

"हे काढा आता."

"काहून?"

"दुसऱ्याच्या पडद्यावर निरोप लिहायचं आहे ते. पलीकडे कोणी नाही, तुमी लिहिणार कोणाले?"

चिंतामणरावांच्या पत्नीचे, अनसूयाबाईंचे कान गेले तेव्हा त्यांनी बाकी सगळं सोसलं. कीर्तन सुटलं ते मात्र सोसवेना. मग चिंतामणरावांनी या लॅपटॉपला जोडलेला एक छोटा संगणक त्यांच्या मांडीवर दिला. देवळात खांबाशी दोघं बसत. बुवा बोलत, हे 'राइट'वरून इंग्रजी अक्षरांत मराठी बडवत, आणि निरूपण ओळीओळीनं बाईंच्या पडद्यावर उमटे. अभंग त्या बुवांच्या ओठांवरून ओळखत. माघात त्या गेल्या.

"राहू दे सध्या," चिंतामणराव म्हणाले. "कीर्तनाले जाऊन येतो."

"एक बटण तर दाबायचं आहे. हो, नाही तर नाही."

"कळते रे मले."

मुलगा गाडीला निघून गेला. बाई गेल्यावर पहिल्यांदाच ते देवळात गेले, रिकाम्या हातांनी खांबाशी टेकले.

उत्तररंगात पोह्यांची पुरचुंडी बांधता बांधता सुदाम्याच्या बायकोनं नवऱ्याला काय काय सुनावलं, ते बुवांनी असं रंगवलं की सभामंडप खदखदून हसला. हसू ओसरलं, तरी बुवा पुढे जाईनात. चिपळ्या तशाच धरून, खांबाकडे बघत थांबले. पेटीवाल्यानं मान वर केली.

अनसूयाबाईंपर्यंत विनोद पोचायला अंमळ वेळ लागायचा. सगळ्यांचं हसून झालं की मग त्यांचं एकटीचं हसू यायचं, आणि ते आल्याशिवाय बुवांनी कधी पुढचं पद उचललं नव्हतं.

चिंतामणरावांनी बसल्या जागी हात जोडले. बुवांच्या चिपळ्या वाजल्या.

घरी आले तेव्हा लॅपटॉपवर 'राइट ठेवायचं?' हा प्रश्न तसाच उभा होता. पायातल्या चपला न काढताच त्यांनी 'हो' दाबलं.