पाच कुत्री, एक हाड

मेंढरं राखणाऱ्या मल्लम्माचा कुत्रा भुंग्या भुंकला की लांडगासुद्धा वाट बदलायचा, असं सगळं गाव सांगायचं. पण तोच भुंग्या आता नुसता खोकत होता. खोकला तरी कसला! फुटक्या भोंग्यागत खॉक् खॉक्, आणि शेवटी मान ताणून कोरडी ओकारी.

"हाड अडकलंय," धोंडप्पानं निकाल देऊन टाकला. कुत्र्याच्या घशातलं हाड काढावं तर त्यानंच! तेलाच्या वाटीत बोटं बुडवून त्यानं भुंग्याचा घसा चाचपला. हाड काही लागलं नाही. मग पाटलांचं कुत्रं खोकायला लागलं, मग सुताराचं. धोंडप्पा तीच वाटी घेऊन दारोदार! दहा-बारा दिवसांत पाच कुत्री खोकत होती आणि भुंग्यानं भाकरीकडं पाठ फिरवली होती.

धोंडप्पा पुन्हा वाटी घेऊन मेंढवाड्यावर आला, तेव्हा शेजारची, आठवीतली अनसूया तिथंच होती. मल्लम्मा त्याला आडवी आली.

"धोंडप्पा, पाच कुत्र्यांनी मिळून एकच हाड गिळलं व्हय?"

"तुला काय कळतंय, मल्लम्मा?"

"कुत्र्यातलं न्हाय कळत. मेंढरातलं कळतंय. एक खोकलं की त्याला कळपातून काढायचं, पाणी येगळं ठेवायचं. आन् तुझी वाटी समद्यांच्या तोंडात!"

अनसूया बघतच राहिली. अक्षरओळख नसलेली ही बाई गुरुजींसारखी फोड करून सांगत होती! मल्लम्मानं भुंग्याच्या गळ्यातला कासरा सोडला, छातीवरून बांधला आणि त्याला बाकीच्या कुत्र्यांपासून लांब नेलं. गळ्यावरचा ताण गेला तसा खोकला जरा कमी झाला.

"मावशी, लोहाऱ्याला जनावरांचा दवाखाना आहे. मी येते. डॉक्टरांशी मी बोलते," अनसूया म्हणाली. गॅदरिंगमध्ये भाषण ठोकल्यापासून ती कुणापुढंही बोलायची.

बैलगाडीत भुंग्याचं तोंड मल्लम्माच्या मांडीवर होतं. त्याची छाती घरघरत होती.

भुंग्याला वेगळं ठेवून दोरी छातीवरून बांधल्याचं अनसूयानं सांगितलं. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं. "हाडबीड काही नाही. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारा खोकला आहे. याच्या छातीत उतरलाय, आणखी दोन दिवस थांबला असतात तर हा गेला असता." त्यांनी सुई टोचली, पुड्या दिल्या. मग विचारलं, "याला वेगळा ठेवायचा, गळ्याला दोरी नको, हे कुणी सांगितलं?"

अनसूयानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात मल्लम्मा म्हणाली, "मेंढरांनी."

डॉक्टर खुर्चीतून उठलेच! "बाई, तुम्ही अर्धं औषध घरीच दिलंत."

अनसूयाला एवढा अभिमान वाटला, जणू बक्षीस तिलाच मिळालं.

आठ दिवसांनी शाळेतून येताना तिला माळावरून आवाज आला. खॉक् नव्हे, चांगला दणदणीत भुंकण्याचा! ती दप्तर छातीशी धरून पळतच सुटली. भुंग्या कुणावर तरी भुंकत होता. मेंढवाड्याबाहेर धोंडप्पा उभा होता. हातात वाटी नव्हती. सोबत त्याचं स्वतःचंच कुत्रं होतं, खोकणारं. छातीवरून दोरी बांधलेलं.

"मल्लम्मा," तो खाली बघत म्हणाला, "ह्याला कुठं बांधू?"

"लांब," मल्लम्मा म्हणाली. "आन् हात धू आधी."