शिकवलेला विरोध

कुणी ‘आमची काही अट नाही’ म्हटलं की ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची.

परदेशातल्या त्या मदतखात्याचा निरोप आला तेव्हा कार्यालयात सगळ्याजणी खूश झाल्या, एकट्या ताई सोडून. आजवर हे खातं एखाद्या ठरलेल्या कामापुरती मदत द्यायचं. आता त्यांचं धोरण बदललं होतं. यापुढे मदत थेट संस्थेला मिळणार आणि तिचं काय करायचं ते संस्थेनंच ठरवायचं. संस्था आपल्या सभासदांचं ऐकते की नाही, एवढंच बघायला त्यांच्याकडून एक बाई येणार होत्या.

“म्हणजे अट आहे, पण आपल्याला दाखवलेली नाही,” ताई म्हणाल्या. “कुठेतरी पाणी मुरतंय.”

त्यांचंही काही अगदीच चूक नव्हतं. घरकाम करणाऱ्या बायकांची ही संस्था त्यांनी एका कुलपं-किल्ल्यांच्या दुकानावरच्या खोलीत उभी केली होती, आणि जशी मदत तसं काम, हे त्या सोसून शिकल्या होत्या. एका पाहुण्यांना शिवणवर्ग हवा होता, म्हणून खोलीत शिवणयंत्रं आली. पुढच्यांना संगणक हवे होते, तेव्हा यंत्रांवर चादरी पडल्या. आता तर पाहुण्यांनी खुर्ची ओढायच्या आधीच त्यांना काय ऐकायचंय ते ताईंना कळायचं. या नव्या बाईंना विरोध ऐकायचा होता. मग विरोधाचीही सोय करायला हवी होती.

ती कामगिरी त्यांनी धाकटीवर सोपवली. धाकटी म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. संस्थेच्या पहिल्या दिवसापासून ती बरोबर होती, आणि सगळ्याजणी तिला धाकटीच म्हणायच्या.

“तू मध्येच उठायचं आणि म्हणायचं, शिवणवर्गाची वेळ आम्हाला सोयीची नाही. मी म्हणेन, बरोबर आहे, मत घेऊ. सगळ्यांनी हात वर करायचे. वेळ बदलली, संपलं.”

धाकटीनं पाठ म्हटल्यासारखं म्हणून दाखवलं.

“अगं, जरा रागानं म्हण.”

“राग येतच नाही हो त्या वेळेचा, जाऊबाई. त्या वर्गाला येतंय कोण?”

ताईंनी तिला आणखी दोनदा म्हणायला लावलं.

नेमक्या त्याच आठवड्यात उंचाडीचं, म्हणजे संस्थेतल्या सगळ्यात उंच बाईचं, प्रकरण झालं. निळ्या फाटकाच्या घरात कामाला असलेल्या या सभासदावर मालकिणीनं मनगटी घड्याळ चोरल्याचा आळ घेतला आणि तिला तशीच बाहेर काढलं. चपलासुद्धा आतच राहिल्या. ती अनवाणीच कार्यालयात आली. ताईंनी तिला पाणी दिलं, धीर दिला आणि म्हणाल्या, “पाहुण्या येऊन जाऊ देत, मग बघू.”

त्यानंतर ताईंना जिकडेतिकडे कुजबुज ऐकू यायला लागली. त्या जिना चढू लागल्या की वरचं बोलणं थांबायचं. मोरीपाशी घोळका असायचा, ताई दिसल्या की कुणाला झाडू आठवायचा, कुणाला घर. कळस म्हणजे एकदा धाकटी किल्लीवाल्याच्या दुकानापाशी पाहुण्याबाईंच्या दुभाष्याशी बोलताना दिसली.

“काय म्हणत होता तो?” ताईंनी विचारलं.

“काही नाही. जागा बघायला आला होता.”

काही नाही म्हणे. ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. थेट मदत येणार म्हटल्यावर हिचा डोळा आपल्या खुर्चीवर आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं. घरच्याच माणसानं केसानं गळा कापावा? मग मालकिणी जे करतात तेच त्या करू लागल्या. धाकटी बाहेर गेली की वेळ बघायची, तिच्या पिशवीकडे नजर टाकायची, कपाटाची किल्ली कमरेला खोचायची. आपण काय करतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पाहुण्याबाई आल्या. करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चहा घेतला, भिंतीवरचे फोटो बघितले आणि बायकांच्या समोर बसल्या. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मग ताईंनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटी उठली.

“आपण दारात उभं राहणं का बंद केलं?” ती म्हणाली.

तिनं सगळ्यांकडे एकदा बघितलं.

“आपल्यातल्या कुणावर आळ आला की आपण जायचो. घोषणा नाहीत, भांडण नाही. फाटकासमोर नुसतं उभं राहायचं, घरातलं कुणीतरी बाहेर येऊन, तिच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलेपर्यंत. संस्था त्यातूनच झाली ना? पाहुण्यांना तंटा आवडत नाही म्हणून तुम्ही ते सोडलंत. आम्हाला विचारलंत का? उंचाडी आजही अनवाणीच आलीय.”

दुभाष्या हलक्या आवाजात सगळं सांगत होता. ताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हिनं डाव साधला, त्यांना वाटलं.

पाहुण्याबाईंनी पेनाला टोपण लावलं आणि दमल्यासारखं हसून काहीतरी म्हणाल्या.

“त्या म्हणतात, तयारी चांगली होती,” दुभाष्यानं सांगितलं. “प्रत्येक संस्थेत मध्यावर एक बाई उठून विरोध करते. ही त्यातली सगळ्यात चांगली बोलली. पण शिकवलेल्या विरोधावर त्यांना मत देता येत नाही.”

क्षणभर ताईंचा जीव भांड्यात पडला. धाकटीचं बोलणं वाया गेलं होतं. आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसलं की झालं. मदत हातची जाईल, पण खुर्ची राहील.

मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं.

तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. खरं बोलूनही खोटं पडलेल्या बाईचा. तरुणपणी अंगठी चोरल्याच्या आळापायी त्यांना कामावरून काढलं तेव्हा आरशात त्यांनी हाच चेहरा पाहिला होता. तेव्हा त्या मालकिणीच्या फाटकासमोर भर उन्हात एकटी उभी राहिली होती ती हीच, नव्यानं घरात आलेली जाऊ. अंगठी पुढे बेसिनमागे सापडली.

ताई उठल्या.

“त्यांना सांगा, मी हिला शिकवलं होतं, पण हे नाही. मी शिकवलं होतं की शिवणवर्गाची वेळ बदला म्हण. आत्ता ती बोलली ते तिचं स्वतःचं आहे, आणि खरं आहे. दारात उभं राहणं मी बंद केलं. कुणाला विचारलं नाही.” दुभाष्या घुटमळला. “सगळं सांगा. काही गाळू नका.”

पाहुण्याबाई बराच वेळ ताईंकडे बघत राहिल्या. हाही शिकवलेलाच भाग आहे का, हे त्या ताडत असाव्यात. शेवटी त्यांनी विचारलं, शिकवलेलं होतं ते ऐकता येईल का?

धाकटीनं ते म्हणून दाखवलं, तस्संच, पाठ म्हटल्यासारखं. बायकांमध्ये हसू फुटलं. पाहुण्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, काहीतरी लिहिलं आणि कळवू म्हणाल्या. काय लिहिलं ते दुभाष्यालाही दिसलं नाही.

त्या गेल्यावर ताईंनी धाकटीला खिडकीपाशी गाठलं.

“मोरीपाशी हेच चाललं होतं?”

“कुणी बोलायचं ते ठरत नव्हतं. सगळ्यांना भीती वाटत होती.”

“त्या बाईंची?”

“तुमची.”

ताईंना खालच्या दुकानात किल्ली घासल्याचा आवाज ऐकू येत राहिला. कमरेची किल्ली त्यांना एकदम टोचली.

“आणि दुभाष्या?”

“त्याला एवढंच सांगितलं, मी बोलेन ते जसंच्या तसं सांग.”

“अगं, मग घरी बोलायचंस ना माझ्याशी. शेजारच्या खोलीत तर राहतेस.”

“पाहुणे समोर असले की तुम्ही आमचं ऐकून घेता, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “एरवी नाही ऐकत.”

हे ती रागानं म्हणाली नाही. राग असता तर ताईंना बरं वाटलं असतं.

बायका जिना उतरायला लागल्या होत्या. उंचाडी सगळ्यांच्या पुढे होती. ताईंनी किल्ली काढून कपाटालाच लावून ठेवली आणि कुठे निघालात असं न विचारता त्या सगळ्यांच्या मागून निळ्या फाटकाकडे चालू लागल्या.