भुऱ्या बोक्याचं रक्त

गोदाबाईच्या घरात मुरमुऱ्यांची पोती असत, आणि पोती म्हटली की उंदीर आलेच. म्हणून मांजर पाळलं, असं ती लोकांना सांगायची. खरं तर पिवळीवाचून तिला करमत नसे. बालाघाटच्या बाजारात मुरमुरे विकून ती घरी आली की पिवळी तिच्या पायांत घोटाळायची, आणि दोघी बरोबरच जेवायला बसायच्या.

त्या थंडीत गल्लीतली मांजरं मरू लागली. आधी ओकारी, मग हगवण. मांजर पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसायचं, पण पाणी प्यायचं नाही. पिल्लं तर पटापट गेली. लोकांचा संशय दुलीचंद हलवायावर गेला. मांजरं त्याच्या दुधात तोंड घालायची, आणि एकदा रागाच्या भरात तो चारचौघांत म्हणाला होता की यांना जहरच घालतो. शिवाय त्याचा स्वतःचा भुऱ्या बोका तेवढा धडधाकट होता. एवढं लोकांना पुरलं. गोदाबाईनंही शेजारी असून त्याच्याशी बोलणं टाकलं.

मग एका सकाळी पिवळीनं दुधाकडे पाठ फिरवली आणि पिवळं पाणी ओकली. गोदाबाईनं तिला टोपलीत घातलं आणि थेट ढोरांचा दवाखाना गाठला. बैल-म्हशी घेऊन आलेले लोक टोपलीत डोकावून हसले. डॉक्टर टेंभरे हसले नाहीत. गोदाबाईनं जहरावरचं औषध मागितलं. त्यांनी आधी ताप पाहिला, पोट चाचपलं, गल्लीतली मांजरं कशी कशी मेली ते विचारून घेतलं.

"मावशी, हे जहर नाही," ते म्हणाले. "हा एका मांजरीपासून दुसरीले लागणारा रोग आहे."

त्यांनी तिला सगळं समजावून सांगितलं. या रोगाचा विषाणू इतका बारीक, की दवाखान्यातल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. तो भांड्यांना, गोणपाटाला, माणसाच्या हातांनाही चिकटून घरोघर जातो. त्याला मारणारं औषध नाही. मांजरीचं शरीरच त्याच्याशी लढतं, आणि ते जिंकेपर्यंत तिला जगवणं एवढंच आपल्या हाती. त्यांनी कातडीखाली सलाईन दिलं, दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून इंजेक्शन टोचलं.

"मंग दुलीचंदच्या बोक्याले काहून नाही झाला?"

"लहानपणी होऊन गेला असंल. त्यातून वाचलेल्याले तो सहसा पुन्हा होत नाही."

गोदाबाई घरी आली. तिनं भांडी उकळली, पिवळीचं गोणपाट जाळलं, तिला चुलीजवळ उबेला ठेवलं. रोज सलाईनला नेऊ लागली. ओकारी थांबली, तापही उतरला, पण पिवळी उठेना. डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. आतड्यातून रक्त गेलं होतं, आणि अंगावरच्या पिसवांनी उरलंसुरलं शोषलं होतं. लोहाचं औषध, लिव्हरच्या अर्काचं इंजेक्शन हे सगळं हळूहळू काम करणार. तोवर ती तग धरेल असं त्यांना वाटत नव्हतं. हा रोग होऊन गेलेल्या एखाद्या तगड्या मांजराचं रक्त मिळालं तर बघू, असं ते म्हणाले.

दुलीचंद कढईपुढे बसला होता. गोदाबाई जरा वेळ दारातच घुटमळली.

"दुलीचंदभाऊ, तुमचा भुऱ्या पाह्यजे होता. पिवळीले रक्त द्या लागते."

त्यानं झारा खाली ठेवला. "माह्या घरचं तर जहर असते ना, वैनी?"

"मी तसंच समजत होती. चुकलं माह्यं. डाक्टर म्हणते, रोग होता."

दुलीचंदनं कढई उतरवली, हात पुसले. भुऱ्या पिल्लू असताना असाच मरायला टेकला होता, आपल्या बायकोनं कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजून त्याला वाचवला, हे त्यानं जाता जाता सांगितलं. बोका दुसऱ्या कोणाच्या हाती राहणार नाही म्हणून तो स्वतःच निघाला होता.

दवाखान्यात त्यानं भुऱ्याला पोत्यात गुंडाळून छातीशी धरलं. डॉक्टरांनी दोन्ही मांजरांच्या रक्ताचे थेंब काचेवर मिसळून पाहिले. गुठळ्या झाल्या नाहीत. मग रक्त गोठू न देणारं औषध भरलेल्या पिचकारीत त्यांनी भुऱ्याचं रक्त ओढलं आणि पिवळीच्या शिरेत अगदी सावकाश सोडलं. भुऱ्यानं मालकाचा हात ओरबाडून काढला, पण दुलीचंदनं पकड सोडली नाही. गोदाबाईनं पदरानं त्याच्या हातावरचं रक्त टिपलं.

संध्याकाळी पिवळीनं मान उचलली. दुसऱ्या दिवशी वैनगंगेच्या मासळीचा रस्सा बोटावरून चाटला. नंतर गोदाबाई तिला उकडलेली कलेजी भरवायची, बारीक फणीनं पिसवा काढायची आणि रोज ओठ वर करून हिरड्या बघायची. त्या हळूहळू गुलाबी झाल्या. विषाणू घरात कितीतरी महिने टिकतो, इतक्यात नवं पिल्लू आणू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोदाबाईनं ते नळावरच्या बायांनाही समजावलं, आणि दुलीचंदवर आपण सगळ्यांनी उगाच आळ घेतला, हेही तिथंच सांगून टाकलं. बाया ऐकत राहिल्या. एकीनं विचारलं, भांडी किती वेळ उकळायची.

उन्हं तापायला लागली तेव्हा एका दुपारी पिवळी तिच्या मांडीवर पसरून झोपली. पायाला मुंग्या आल्या, बाजाराची वेळ टळून गेली, तरी गोदाबाई हलली नाही.