वेगपट्टी

मामाला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडू. दुकानभर गिऱ्हाईक, गल्लीभर नाव आणि तिसरी एक वस्तू. ती सध्या झाकलेलीच राहू द्या. भाचीला मिळणार होती गेमिंगच्या संघातली पाचवी जागा. भाचीच्या आईला, म्हणजे मामाच्या सख्ख्या ताईला, काहीच नको होतं. हिशोबात असं माणूस दिसलं की मला धाकधूक होते.

माझं झेरॉक्सचं दुकान मामाच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानासमोर. त्या दिवशी मामाकडे पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर भाचीचा सात वर्षांचा लॅपटॉप, त्यावर गेम चालू. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा: सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा. चोवीस.

"नीट बघून घ्या," मामा म्हणाला. "नंतर म्हणाल, मामाने डोळ्यांत धूळ फेकली."

लॅपटॉप आतल्या खोलीत गेला, वीस मिनिटांनी बाहेर आला. कोपऱ्यात एकसष्ट! पोरांनी टेबलच डोक्यावर घ्यायचं बाकी ठेवलं.

"मामा, घातलंत काय?"

"वेगपट्टी. सोन्याचा मुलामा. चिपभोवती लहरी तुंबतात, ही त्यांना वाट करून देते. पथ्यं दोनच. महिनाभर खालचं झाकण उघडायचं नाही, लहरी उडतात. आणि गेमच्या सेटिंगला हात लावायचा नाही, पट्टी रुसते."

"रुसते?"

"आमची ताई रुसते, तर पट्टीने का रुसू नये?"

सगळे हसले. ताईही हसली. ती शिवणकाम करते. रोज भाची खेळते तेव्हा शेजारी बसून काजं करते. ती पडद्याकडे वाकली.

"अगं, तळ्यातली झाडांची सावली कुठे गेली? काठचं गवतही दिसत नाही."

"आई, आकडा बघ ना! गवत काय बघतेस?"

"ताई, तू आपली काजबटणं बघ," मामा म्हणाला. मागे अकरा लॅपटॉप रांगेला लागले होते.

रविवारी संघाची निवड झाली. निवड करणाऱ्यांनी सगळ्यांच्या गेमची सेटिंग एकसारखी केली: सावल्या, गवत, सगळं चालू. भाचीचा आकडा नऊवर आला. आधीच्या चोवीसपेक्षाही खाली. शत्रू पडद्यावर दिसेपर्यंत तो तिला मारून पुढे गेलेला असायचा. पाचवी जागा दुसऱ्याच कुणाची झाली.

"त्यांनी सेटिंग बदलली ना, म्हणून पट्टी रुसली," घरी येऊन ती म्हणाली. "मामाने आधीच सांगितलं होतं."

ते ऐकून ताई उठली. सोमवारी भरल्या दुकानात तिने लॅपटॉप उपडा ठेवला आणि माझ्याकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला.

"ताई, लहरी उडतील!"

"उडू देत. दार उघडंच आहे."

झाकण निघालं. आत रॅमच्या कांड्यांसाठी दोन खाचा. त्यातली एक रिकामी. बॅटरीशेजारची सोनेरी पट्टी ताईने नखाने उचलली, उलटून पाहिली.

"ही लेस माझ्या चिंध्यांच्या टोपलीतली. दुकानाच्या पाटीला लावतो म्हणून मागून नेलीस." तिचा आवाज चढला नाही. "आणि सावल्या, गवत तूच बंद केलंस. अस्तर काढून घेतलं की कोट हलका होतोच रे. त्याला कुणी शिवण म्हणत नाही."

"ताई, अगं, सगळेच करतात... म्हटलं घरातलीच पोर, तिला काय कळतंय."

"कळलं असतं, मामा," भाची म्हणाली. "तू नको म्हणालास, म्हणून उघडलं नाही."

मग तोवर पट्टी लागलेले बाकीचे अकराही तिथेच उघडले. सात जणांची एकेक खाच रिकामी. झाकून ठेवलेली तिसरी वस्तू ती हीच: मामा त्यांतून काढलेल्या कांड्या नव्या म्हणून दुसऱ्यांना विकत होता.

जुना लॅपटॉप खरंच सुधारतो. आतली धूळ काढा, रॅम वाढवा, जुनी डिस्क बदला. हे सगळं तुमच्या डोळ्यांदेखत होतं, त्याला लहरी लागत नाहीत. आकडा वाढलेला दिसला तर विचारा, त्यासाठी कमी काय केलं? आणि उघडायला जो मनाई करतो, त्याच्याच समोर उघडा.

आता कुणी काय भरलं ते. मामाने आठ कांड्या परत दिल्या आणि गिऱ्हाईक गमावलं. ते त्याला दुसऱ्या गल्लीत मिळेल. भाचीची जागा गेली. ती पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. काहीच नको असलेल्या ताईचा भाऊ गेला. तो काही कुठे मिळत नाही.