हेफ्टचा तिसरा अर्थ

जॉस रेल्फने काठी आडवी धरली आणि ओढा ओलांडू पाहणाऱ्या मेंढ्या पुन्हा चढणीला लावल्या. सकाळपासूनची ही तिसरी खेप. मॉस कुत्री डावीकडून वळसा घालून गेली, तशा त्या नाइलाजाने वळल्या. त्यांचे लक्ष मात्र ओढ्यापलीकडच्या खिंडीकडेच होते. खिंडीपलीकडे त्यांचे खोरे होते. तिथल्या आयझॅक ब्रन्स्किलकडून त्या विकत आणल्याला चार महिने झाले होते.

"किती हाका मारायच्या? कानात लोकर भरलीय का तुझ्या?"

नोरा डार्ग धापा टाकत वर येत होती. बेचाळीस वर्षे गावच्या शाळेत शिकवून ती निवृत्त झाली होती आणि आता उत्तर इंग्लंडातल्या या कम्ब्रियाच्या डोंगरांतल्या बोलीचा कोश करत होती. ती आणि जॉस एका बाकावर बसून शिकले होते. वर्षभर तो तिला भेटायचे टाळत होता; काल त्याने आपणहून 'ये' म्हणून फोन केला.

"ऐकल्या गं. तुला थांब म्हणता येतं, यांना नाही."

दोघे दगडावर टेकले आणि नोराने पिशवीतून एक कार्ड काढले.

"एकच शब्द राहिलाय. हेफ्ट. त्याचे तीन अर्थ निघतात. पहिला वजन, हातात उचलून अजमावतो ते. दुसरा सुरीची मूठ. दोन्ही एकाच कुळातले, उचलणं-धरणं यातून आलेले. तिसरा आपला, मेंढ्यांचा, कुंपणाशिवाय आपल्याच डोंगराला धरून राहण्याचा. तो हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून नॉर्स लोकांबरोबर आला असावा. त्यांच्याकडे त्याचा अर्थ वहिवाट. वर्षानुवर्षं राहून मिळालेला हक्क."

"वहिवाट," जॉस म्हणाला. शब्द त्याला पटला.

"आता तू तुझ्या भाषेत सांग. मी लिहून घेते."

या डोंगरावर ना भिंत होती, ना तार. तरी रेल्फांच्या जुन्या मेंढ्यांनी हा ओढा कधी ओलांडला नव्हता, आणि शेजाऱ्यांच्या मेंढ्या अलीकडे आल्या नव्हत्या. शेत विकले गेले तर धनी बदलायचा. मेंढ्या डोंगराबरोबर राहायच्या. मग गेल्या वर्षी लाळ्या-खुरकताची साथ आली. रोग खालच्या शेतावर सापडला. जॉसच्या मेंढ्या धडधाकट होत्या, पण हद्दीला हद्द लागून होती आणि नियम तसा होता. सरकारी माणसे आली. मेंढ्या डोंगरावरून खाली जॉसने स्वतः आणल्या. दुसऱ्या कुणामागे त्या आल्याच नसत्या. त्याच्या हाकेसरशी त्या खाली आल्या, आणि दुपारपर्यंत गोळ्यांचे आवाज थांबले होते.

"लिही," तो म्हणाला. "मेंढी कुठं चरायचं ते कोकराला दाखवते. तिला तिच्या आईनं दाखवलेलं असतं. तिला तिच्या. झालं."

नोराने लिहून घेतले. वर पाहिले तर जॉसने टोपी काढून हातात धरली होती.

"आणि पहिलीला कुणी दाखवलं?" त्याने विचारले.

"म्हणजे?"

"तू म्हणतेस, शब्द त्या लोकांनी आणला. मग रीतही त्यांनीच आणली असेल. मोकळ्या डोंगरावर पहिला कळप कसा बसवला? किती वर्षं उभं राहायचं, किती माणसं लागतात, असं काहीतरी कुठंतरी लिहिलेलं असेल की. तू एवढी पुस्तकं वाचतेस."

नोराच्या आता लक्षात आले, फोन कशासाठी होता ते. तिने पेनाला टोपण लावले.

"नाही रे. शब्द कुठून आला, एवढंच पुस्तकात सापडतं."

"काही अंदाज?"

"नाही."

जॉसने मान हलवली, टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "बापाला विचारलं असतं तरी त्याला नसतं सांगता आलं. त्याला आयत्या मिळाल्या, मलाही आयत्या. माझा अंदाज, आठ-दहा वर्षं. कोकरांना कोकरं, त्यांना कोकरं. तोवर रोज, उजेड असेपर्यंत इथं उभं राहायचं." त्याने कमरेवर हात दाबला. तो बहात्तरचा होता. मुलगा प्रेस्टन शहरात लॉऱ्या दुरुस्त करत होता, आणि त्याला मेंढ्यांचा वास सोसत नसे.

"मी येत जाईन की. आठवड्यातून दोनदा."

"तू? तुला बघून मॉससुद्धा हसेल."

तेवढ्यात मेंढ्या पुन्हा उतरू लागल्या. जॉस उठायला गेला, पण कमरेने साथ दिली नाही. नोराच पुढे झाली. रेनकोटचे दोन्ही हात पसरून ती ओढ्याकाठी उभी राहिली आणि शाळेतल्या आवाजात ओरडली, "मागे! सगळ्यांनी मागे!"

मेंढ्या थबकल्या. त्यांनी तिला नीट पाहून घेतले आणि मग ओढ्याचे पाणी दगडाला टाळून जाते तशा तिच्या दोन्ही बाजूंनी निघाल्या. जॉस खदखदून हसला. वर्षभरात त्याला कुणी असे हसताना पाहिले नव्हते.

मॉस पोटावर सरपटत हुकमाची वाट पाहत होती. जॉसने बोटे तोंडाशी नेली आणि तशीच खाली घेतली.

"अरे, शीळ घाल ना! चालल्या बघ!"

"जाऊ दे."

"जॉस!"

"त्यांना वाट माहीत आहे. संध्याकाळी आयझॅक ब्रन्स्किलचा फोन येईल, तुझ्या मेंढ्या माझ्या डोंगरावर परत आल्यात म्हणून."

"मग?"

"मग सांगेन, ठेवून घे."

मेंढ्या एकामागून एक पाण्यातून पलीकडे चढल्या. आता त्यांना घाई नव्हती. रांग धरून, कुणी न हाकता, त्या खिंडीकडे निघाल्या. नोरा ओढ्याकाठून परत आली आणि जॉसच्या शेजारी बसली. मॉस अजून त्याच्या तोंडाकडे पाहत होती. जॉसने तिच्या मानेवर हात ठेवला आणि शेवटची मेंढी दिसेनाशी होईपर्यंत तो काढला नाही.